घटक ४ : सायकल – कर्म की करण? विशेष विषयाची नियतकालिके आणि रोजचा वाचक

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• विशेष विषयाच्या नियतकालिकाचा अपेक्षित वाचक त्याच्या भाषेवरून ओळखता येईल.
• कारकविचाराचा उपयोग मजकुराच्या विश्लेषणासाठी करता येईल.
• सायकलविषयक नियतकालिके रोजच्या सायकलस्वाराची गरज कितपत भागवतात, याविषयी साधार मत मांडता येईल.
• आपल्या परिसरातील एखाद्या नित्याच्या व्यवहारावर उपयुक्त मजकूर लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण नियतकालिकांचे प्रकार पाहिले. शेती, आरोग्य, पाककला, क्रीडा, संगणक अशा एकेका विषयाला वाहिलेल्या नियतकालिकांना आपण ‘विशेष विषयाची नियतकालिके’ म्हटले. अशा नियतकालिकाचा विषय त्याच्या मुखपृष्ठावरच कळतो. त्याचा वाचक कोण, हे मात्र मुखपृष्ठावर लिहिलेले नसते. ते मजकुराच्या भाषेतून शोधावे लागते. हा शोध कसा घ्यावा, हे या घटकात आपण एकाच उदाहरणावरून पाहणार आहोत. ते उदाहरण सायकलविषयक नियतकालिकांचे आहे.

पुण्याच्या कसबा पेठेत सकाळी सातच्या सुमारास उभे राहिले, तर सायकली अजूनही दिसतात. वृत्तपत्रे टाकणारी मुले, हँडलला दुधाच्या पिशव्या अडकवलेले विक्रेते, तांबट आळीकडे कामाला निघालेले कारागीर, पाठीवर दप्तर घेतलेल्या शाळकरी मुली असे हे लोक असतात. त्याच वेळी हेल्मेट आणि घट्ट पोशाख घातलेला एखादा गट सिंहगडाच्या दिशेने झपाट्याने निघून जातो. दोघांचेही वाहन सायकलच आहे. मात्र सायकलविषयक नियतकालिक उघडले, तर त्यात यांपैकी कोण भेटते? आणि जो भेटत नाही, त्याचे त्यामुळे काही बिघडते का? या दोन प्रश्नांभोवती या घटकाची मांडणी केली आहे.

प्रश्न किरकोळ वाटण्याचा संभव आहे. म्हणून एक आकडा लक्षात घ्या. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. स्कूटर किंवा मोटारसायकल असलेली कुटुंबे २१ टक्के, तर मोटार असलेली कुटुंबे पाच टक्क्यांहून कमी होती. म्हणजे ज्या वाहनाविषयी सर्वांत कमी लिहिले जाते, ते वाहन सर्वाधिक घरांत होते.

४.२ विषय विवेचन

४.२.१ एका वाक्याचा अभ्यास

कसब्यात घरगुती डबे करणाऱ्या एका बाईंचे काम सांगणारे पुढील वाक्य पाहा :

‘मावशी रोज कसब्यातून सदाशिव पेठेत सायकलने विद्यार्थ्यांना डबे पोचवतात.’

वाक्य साधे आहे, तरी व्याकरणातील सहाही कारके त्यात आली आहेत. ‘मावशी’ हा कर्ता, ‘डबे’ हे कर्म, ‘सायकलने’ हे करण, ‘विद्यार्थ्यांना’ हे संप्रदान, ‘कसब्यातून’ हे अपादान आणि ‘सदाशिव पेठेत’ हे अधिकरण. क्रिया ज्याच्या साहाय्याने घडते ते करण, हे तुम्हाला ठाऊक आहेच. या वाक्यात सायकलचे स्थान नेमके तेवढेच आहे. मावशींचे लक्ष डब्यांवर आहे. विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या वेळेवर आहे. सायकल हे साधन आहे, आणि साधन जितके निमूट चालेल तितके बरे.

आता सायकलविषयक मजकुरात हमखास आढळणारी वाक्यरचना पाहा : ‘या सुट्टीत नवी सायकल घाटात चालवून पाहा.’ येथे सायकल हे कर्म आहे. कर्ता वाचक आहे. अपादान नाही, कारण कोठून निघायचे याला महत्त्व नाही. संप्रदान नाही, कारण कोणासाठी काही न्यायचे नाही. अधिकरण आहे, पण ते बाजाराचे किंवा कारखान्याचे नाही. घाटाचे, निसर्गाचे आहे.

हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. ‘सायकल चालवणे’ हीच क्रिया ज्याच्यासाठी पूर्ण आहे, तो एक वाचक. आणि ज्याच्यासाठी ती ‘जाणे’, ‘आणणे’, ‘पोचवणे’ या क्रियांचे अंग आहे, तो दुसरा वाचक. ‘सायकल मारत घरी आलो’ या बोलीतील वाक्यात सायकल कर्म आहे खरे, पण ते ‘मारत’ या कृदंताचे. वाक्याचे मुख्य क्रियापद ‘आलो’ हेच आहे. रोजच्या सायकलस्वाराच्या तोंडी मुख्य क्रियापदाचा मान क्वचितच सायकलला मिळतो.

यावरून एक कसोटी हाती येते. मजकुरातील ‘सायकल’ हा शब्द ज्या ज्या वाक्यात आला आहे, तेथे तो कर्म आहे की करण, हे मोजावे. कर्माचे प्रमाण जास्त असेल, तर तो मजकूर छंदाचा अथवा क्रीडेचा आहे. करणाचे जास्त असेल, तर तो वापराचा आहे. ही कसोटी स्वयंपाकघरातील यंत्रांविषयीच्या किंवा भ्रमणध्वनीविषयीच्या मजकुरालाही लावून पाहता येईल.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
पुढील वाक्यांतील ‘सायकल’ या शब्दाचे कारक ओळखा.
(अ) ती सायकल पुसते. (आ) तो सायकलने शाळेत जातो. (इ) सायकलवरून पोते उतरव. (ई) सायकलवर दोन घागरी बांधल्या आहेत.
(उत्तरे : कर्म, करण, अपादान, अधिकरण.)

४.२.२ नाव नसलेला वाचक

आता शब्दांकडे वळू. जो स्पर्धेत उतरतो त्याला मराठीत ‘सायकलपटू’ म्हणतात. जो हौसेने फिरतो त्याला ‘सायकलप्रेमी’ म्हणतात. रोज सायकलने कामाला जाणाऱ्याला काय म्हणतात? ‘सायकलस्वार’ हा शब्द आहे, परंतु तो वृत्तपत्रात बहुधा अपघाताच्या बातमीत भेटतो. एरवी हा माणूस ‘दूधवाला’, ‘पेपरवाला’, ‘पाववाला’ असतो. म्हणजे त्याचे नाव त्याच्या कर्मावरून पडते, करणावरून पडत नाही.

‘दुचाकी’ या शब्दाचा प्रवासही उद्बोधक आहे. शब्दाच्या घटकांप्रमाणे दोन चाकांचे कोणतेही वाहन म्हणजे दुचाकी. आज मात्र ‘दुचाकीस्वार जखमी’ असे वाचल्यावर आपल्या डोळ्यांसमोर मोटारसायकल किंवा स्कूटर येते. पुण्यात हा अर्थसंकोच समजण्यासारखा आहे. हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकची लूना आणि आकुर्डीच्या बजाजची चेतक बाजारात आली, आणि पुढील काही दशकांत रस्ता पेट्रोलवरच्या वाहनांचा झाला. रस्त्याबरोबर शब्दही गेला.

ज्या समूहाला स्वतःचे नाव नाही, त्याला ‘प्रिय वाचक’ म्हणून हाक मारणे संपादकाला कठीण जाते. तो समूहही स्वतःला वाचकवर्ग म्हणून ओळखत नाही. दूध घालणाऱ्या माणसाला ‘तुम्ही सायकलिंग करता का?’ असे विचारले, तर तो बहुधा ‘नाही’ म्हणेल, आणि त्याचे उत्तर त्याच्या भाषेत बरोबरच असेल.

येथे स्वतःचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी तांब्यापितळेची भांडी सायकलवर लादून नेणाऱ्या माणसांविषयी मी एका नियतकालिकासाठी लेख लिहिला होता. भांडी एकमेकांवर आपटू नयेत म्हणून गोणपाट कसे घालतात, तोल राहावा म्हणून ओझे कॅरिअरवर कसे विभागतात, असा तो मजकूर होता. संपादकांनी सौजन्याने कळवले की, लेख चांगला आहे, पण त्यात ‘सायकलिंग’ नाही. त्यांचे म्हणणे मला तेव्हा लागले. आज वाटते की, त्यांनी आपल्या नियतकालिकाच्या अपेक्षित वाचकाची अचूक व्याख्या एका वाक्यात केली होती.

४.२.३ नियतकालिक आणि शर्यत : जुने नाते

ही निवड कोणा एका संपादकाची नव्हे. तिला दीर्घ इतिहास आहे. सायकलची शर्यत आणि सायकलचे नियतकालिक ही जवळजवळ जुळी भावंडे आहेत. पॅरिसमध्ये १८६९ साली ‘ल व्हेलोसिपेड इल्युस्ट्रे’ हे नियतकालिक निघाले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅरिस ते रुआं या शहरांदरम्यानची शर्यत भरवण्यात त्याचा पुढाकार होता. लंडनमध्ये १८९१ मध्ये ‘सायकलिंग’ हे साप्ताहिक सुरू झाले. ‘सायकलिंग वीकली’ या नावाने ते आजही ओळखले जाते. १९०३ मध्ये ‘लोतो’ या फ्रेंच क्रीडा दैनिकाने प्रतिस्पर्धी वृत्तपत्रावर मात करण्यासाठी ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली. शर्यतीने बातमी पुरवली, बातमीने खप वाढवला.

कारण उघड आहे. कथनाला आरंभ, संघर्ष आणि शेवट लागतो. शर्यतीत ते तयार मिळते. मावशींच्या डब्यांच्या फेरीत दररोज तेच घडते; जे घडायला नको ते घडले तरच तिची बातमी होते.

दुसरे कारण अर्थव्यवहाराचे आहे. छापील नियतकालिकाचा खर्च केवळ अंकाच्या किमतीतून सहसा भागत नाही. जाहिरातीचा आधार लागतो. जाहिरातदाराला असा वाचक हवा असतो, जो पुन्हा पुन्हा खरेदी करतो. हौशी चालक दरवर्षी नवे बूट, नवा दिवा, हलक्या वजनाची नवी चौकट घेण्याचा विचार करतो. रोजचा चालक एकच सायकल दहा-पंधरा वर्षे वापरतो आणि पंक्चर काढणे, ब्रेकचे रबर बदलणे, चाकाचा आऊट काढणे यांवर थोडा थोडा खर्च करतो. त्याची काटकसर हाच जाहिरातदाराच्या दृष्टीने त्याचा दोष ठरतो.

४.२.४ रोजची गरज कोणती?

‘गरज’ हा शब्द मोघमपणे वापरू नये. कसब्यातील एखाद्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानाबाहेर अर्धा तास बसले, तर ती नेमकेपणाने ऐकू येते. तिचे स्थूलमानाने चार गट पडतात, आणि लक्षात घ्या, ते आपल्या वाक्यातील कारकांशी जुळतात.

पहिली गरज करणाची, म्हणजे साधन चालू ठेवण्याची. पावसाळ्यात चेन गंजते, तिला तेल केव्हा द्यावे? चेन वारंवार का पडते? छर्रे झिजल्याचे कसे ओळखावे? जुन्या सायकलचा कोणता भाग बदलणे परवडते आणि कोणता नाही?

दुसरी गरज कर्माची आणि संप्रदानाची, म्हणजे ओझ्याची आणि माणसांची. डबे, भाजी, गॅसचे सिलिंडर किंवा लहान मूल सुरक्षित कसे न्यावे? साडीचा पदर, ओढणी चाकात अडकू नये यासाठी काय करावे?

तिसरी गरज अपादानाची आणि अधिकरणाची, म्हणजे वाटेची आणि जागेची. जुन्या पेठांतील बोळ अरुंद आहेत. शिवाजी रस्ता व बाजीराव रस्ता एकेरी वाहतुकीचे आहेत. मोटारीला जो वळसा दोन मिनिटांचा वाटतो, तो पायाने चाक फिरवणाऱ्याला भारी पडतो. सायकल वाड्याच्या जिन्याखाली ठेवायची की रस्त्यावर? रात्री ती चोरीला जाऊ नये म्हणून काय करावे?

चौथी गरज कर्त्याची आहे, आणि ती सर्वांत दुर्लक्षित आहे. अपघात झाला तर आपले म्हणणे कोठे मांडायचे? सायकलसाठी आखलेल्या पट्ट्यात गाड्या उभ्या राहतात, त्याविरुद्ध अर्ज कसा लिहायचा? पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. अशा आराखड्यात आपल्या पेठेविषयी काय म्हटले आहे, हे सोप्या मराठीत कोण सांगणार?

पहिल्या तीन गटांतील पुष्कळ ज्ञान दुरुस्तीच्या दुकानात तोंडी मिळते. चौथ्या गटातील ज्ञान तेथे मिळत नाही. ते लेखी भाषेचे क्षेत्र आहे, आणि नियतकालिकाची खरी जबाबदारी तेथे सुरू होते.

४.२.५ दुसरी बाजू

विवेचन एकांगी होऊ नये म्हणून विरोधी मतही नीट समजून घेतले पाहिजे.

एक मत असे : क्रीडाविषयक मजकूर रोजच्या चालकालाही उपयोगी पडतो. हे खरे आहे. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी बैठक उंच असावी, हा सल्ला स्पर्धकाला जितका लागू आहे, तितकाच दूधवाल्यालाही. रात्री मागचा दिवा किंवा परावर्तक असावा, हेही तसेच. शिवाय पराक्रमाच्या वार्तेचे मोल नाकारता येत नाही. नाशिकच्या डॉ. महेंद्र व डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही खडतर स्पर्धा पूर्ण केली. अशा बातमीने कित्येकांच्या घरातील धूळ खात पडलेली सायकल रस्त्यावर आली असेल. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर पार करण्याच्या ‘ब्रेव्हे’ या उपक्रमाविषयीचे लेखन वाचून कोणी रोज पाच किलोमीटर जाऊ लागला, तर ती त्या लेखनाचीच सेवा म्हणावी लागेल.

दुसरे मत असे : रोजच्या वापराच्या वस्तूला नियतकालिक लागतच नाही. केरसुणीचे मासिक कोणी वाचत नाही. हा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याचे उत्तर असे की, केरसुणी आपल्या घरात चालते आणि सायकल सार्वजनिक रस्त्यावर चालते. तेथे इतरांच्या वाहनांशी, नियमांशी आणि अंदाजपत्रकाशी तिचा संबंध येतो. जेथे सार्वजनिक जागेची वाटणी होते, तेथे ज्याचे म्हणणे लिहिले जात नाही त्याचा वाटा कमी होत जातो.

४.२.६ नियतकालिकाचे रोख बदलू शकतात का?

बदलू शकतात. तीन उदाहरणे पाहू.

पहिले नेदरलँड्सचे. तेथे १९७० च्या दशकात रस्त्यांवरील अपघातांविरुद्ध मोठे जनआंदोलन झाले. १९७५ मध्ये सायकल वापरणाऱ्यांची जी संघटना स्थापन झाली, ती आज ‘फीट्सर्सबॉन्ड’ या नावाने ओळखली जाते. तिच्या मुखपत्राचे नाव होते ‘फोगलफ्रेये फीट्सर’. ‘फोगलफ्रेय’ या डच शब्दाचा शब्दशः अर्थ ‘पक्ष्यासारखा मोकळा’. पण त्याचा रूढ अर्थ ‘कायद्याच्या संरक्षणाबाहेर टाकलेला’ असा आहे. नाव नसलेल्या वाचकाला त्या नियतकालिकाने श्लेषाने नाव दिले.

दुसरे उदाहरण तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्याचे. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील साक्षरता मोहिमेत स्त्रियांना सायकल शिकवण्याचा कार्यक्रम जोडला गेला, आणि हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. अक्षर आणि चाक ही दोन्ही स्वतंत्रपणे ये-जा करण्याची साधने आहेत, हे त्या मोहिमेने ओळखले. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल देण्याची योजना आहे. त्या मुलींना सायकलच्या देखभालीची, वाटेतील सुरक्षिततेची चार पानांची सुबोध मराठी पुस्तिका हवी असेल, तर ती कोण लिहील?

तिसरे उदाहरण आपल्या घरचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ मध्ये बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून झाला. पुढे त्याच उद्योगसमूहातून १९२० मध्ये शं. वा. किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. आरंभी ते कारखान्याच्या मालाची माहिती देणारे पत्र होते. हळूहळू त्याचे लक्ष मालावरून वाचकाच्या जीवनाकडे वळले. १९२९ मध्ये ‘खबर’ हा शब्द गळून त्याचे ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे निघाली. वस्तूची खबर देणारे पत्र माणसांचे मासिक होऊ शकते, हे मराठीत शंभर वर्षांपूर्वी घडलेले आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
‘रोजच्या वापराच्या वस्तूला नियतकालिक लागत नाही’ या मताचे खंडन अथवा समर्थन आठ ते दहा ओळींत करा. किमान एक उदाहरण स्वतःच्या गावातील द्या.

४.३ सारांश

सायकलविषयक नियतकालिके रोजच्या सायकलस्वाराची गरज अंशतःच भागवतात. तंत्र आणि सुरक्षिततेविषयीचा काही मजकूर त्याला उपयोगी पडतो. मात्र ओझे, वाट, जागा आणि हक्क या गरजा बहुधा दुर्लक्षित राहतात. याची कारणे शर्यतीशी असलेल्या ऐतिहासिक नात्यात, जाहिरातीवरील अवलंबनात आणि भाषेत आहेत. भाषेच्या पातळीवर हे दुर्लक्ष दोन ठिकाणी दिसते : सायकल करणाऐवजी कर्म होते, आणि रोजच्या चालकाला नाव उरत नाही. नियतकालिकाने वस्तूवरचे लक्ष काढून कर्त्याकडे वळवले, तर हे बदलू शकते.

तुमच्यापैकी पुष्कळ जण नोकरी, घर, शेती सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करत आहात. अभ्यासकेंद्रावर कोणी बसने, कोणी सायकलने येत असेल. ज्या साधनांवर तुमचा दिवस चालतो, त्यांविषयी नेमके मराठी लिहू शकणारे तुम्हीच आहात. ते लिहिणे हाही व्यावहारिक मराठीच्या अभ्यासाचाच भाग आहे.

४.४ पारिभाषिक शब्द व शब्दार्थ

अपेक्षित वाचक : मजकूर लिहिताना लेखकाने गृहीत धरलेला वाचक.
करण : क्रिया ज्याच्या साहाय्याने घडते ते कारक.
संप्रदान : क्रिया ज्याला उद्देशून अथवा ज्याच्यासाठी घडते ते कारक.
अर्थसंकोच : शब्दाच्या अर्थाची व्याप्ती कमी होणे.
मुखपत्र : संस्थेची भूमिका मांडणारे नियतकालिक.
आऊट काढणे : चाकाचा वाकडेपणा काढून ते सरळ फिरते करणे.

४.५ स्वाध्याय

१. ‘सायकल : कर्म की करण?’ या कसोटीचे स्वरूप सांगून तिच्या मर्यादा स्पष्ट करा.
२. नियतकालिकाचा अपेक्षित वाचक ठरवण्यात जाहिरातीचा वाटा कोणता, ते सोदाहरण लिहा.
३. ‘दुचाकी’प्रमाणे अर्थसंकोच झालेले आणखी दोन शब्द शोधून त्यांचे विवेचन करा.

उपक्रम : आपल्या गावातील किंवा पेठेतील सायकल-दुरुस्तीच्या दुकानात जाऊन तेथे वापरले जाणारे पंधरा शब्द टिपा. त्यांतील किमान आठ शब्द वापरून ‘पावसाळ्यात सायकलची काळजी’ या विषयावर शाळकरी मुलींसाठी दोनशे शब्दांचा मजकूर लिहा. मजकूर लिहून झाल्यावर तो दुकानदाराला वाचून दाखवा आणि त्याने सुचवलेल्या दुरुस्त्या समासात नोंदवा.